डाळ आमदाराची आणि डाळ अंगणवाडीची

८ जुलै २०२५ ची रात्र. मुंबईत आकाशवाणी आमदार निवासाच्या कँटीनमधून बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड यांच्यासाठी जेवण आलं. डाळ शिळी होती, तिला वास येत होता, असं त्यांचं म्हणणं. ते खाली कँटीनमध्ये गेले आणि तिथल्या कर्मचाऱ्याला त्यांनी मारहाण केली. त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. दुसऱ्या दिवशी अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी तपासणीला हजर झाले. नमुने घेतले गेले आणि १० जुलैपासून कँटीन चालवणाऱ्या कंत्राटदाराचा परवाना निलंबित झाला.

मारहाणीवर पुष्कळ बोलून झालं आहे. गरीब कामगारावर हात उचलणं चूक आहे, त्यात वादाला जागाच नाही. मला त्या प्रकरणातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि ती म्हणजे वेग. तक्रार रात्रीची, तपासणी दुसऱ्या दिवशी, कारवाई तिसऱ्या दिवशी. आपलं सरकारी यंत्र हलत नाही, असं आपण नेहमी म्हणतो. ते हलतं. कोणाच्या ताटातली डाळ आहे, एवढंच ते आधी पाहतं.

त्या वेळी विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन चालू होतं. ३० जूनला, म्हणजे अगदी पहिल्याच दिवशी, सरकारने सुमारे ५७,५०० कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या होत्या. एवढ्या पैशातून कोणाला काय मिळणार, यावर रस्त्यावरच्या माणसाने काही ऐकल्याचं मला आठवत नाही. डाळीचं मात्र सगळ्यांना पाठ आहे.

आणि त्या डाळीतलं पाणी कुठलं? तानसा, वैतरणा, भातसा. मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा आमच्या शहापूर तालुक्यातल्या धरणांतून जातो. तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, ते वेगळं. आज मला पाण्यावर नाही, ताटावर बोलायचं आहे. आमदार निवासातल्या ताटावरून आपण शहापूर-मुरबाडच्या अंगणवाडीतल्या ताटाकडे येऊ.

आठ रुपये

सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला अंगणवाडीतून पोषक आहार मिळणं ही सरकारची मेहेरबानी नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला तो हक्क आहे. गरोदर आणि स्तनदा आईचाही तो हक्क आहे. आता या हक्काची किंमत पाहा. केंद्राने २०१७ साली दर ठरवला: साध्या मुलासाठी दिवसाला ८ रुपये, गरोदर आणि स्तनदा मातेसाठी साडेनऊ रुपये, तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये. त्यानंतर तेल, डाळ, गॅस, सगळ्याचे भाव कुठे गेले ते घर चालवणाऱ्या कोणालाही विचारा. आठाचे आठच राहिले. गावातल्या दुकानात एक अंडं सहा-सात रुपयांना मिळतं. म्हणजे एका अंड्यात मुलाचा दिवस संपला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं कमी वजनाची आणि ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली. देशातल्या सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एकाची ही अवस्था. शहापूर आणि मुरबाडच्या कातकरी, ठाकर, महादेव कोळी वस्त्यांमध्ये ही आकडेवारी कोणाला वाचून दाखवावी लागत नाही. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात पोराची अंगणवाडी सुटते, वजनाची नोंद सुटते, आहारही सुटतो.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्हा तुटला आणि पालघर वेगळा झाला. जव्हार-मोखाडा तिकडे गेलं. १९९२ सालच्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंपासून ठाणे जिल्ह्यातल्या कुपोषणाची बातमी म्हटली की जव्हार-मोखाडाच असायचं. जिल्हा तुटल्यावर ती बातमीही पालघरला गेली आणि ठाणे म्हणजे मेट्रो, टॉवर आणि उड्डाणपूल, असं चित्र उरलं. शहापूर-मुरबाडची भूक मात्र इथेच राहिली. तिचं नावच फक्त मथळ्यातून गेलं.

सभागृहाला अन्न दिसतं, पण कोणतं?

आपल्या राज्यकर्त्यांना अन्नाचा विषय वर्ज्य आहे असं मुळीच नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत तो जितका चर्चेत आला तितका क्वचितच आला असेल. कसा आला ते तारखेनिशी पाहू.

३० सप्टेंबर २०२४. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती. राज्य मंत्रिमंडळाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं आणि गोशाळेतल्या देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदान मंजूर केलं. गाय उपाशी राहावी असं कोणाचंच म्हणणं नाही. चारा महाग आहे, पन्नास रुपयांतही तिचं पोट भरेल की नाही शंका आहे. पण ज्या राज्याला गाईच्या चाऱ्याचा हिशोब आजच्या भावाने कळतो, त्याच राज्याला मुलाच्या जेवणाचा हिशोब २०१७ च्या भावात चालतो. आपल्या तिजोरीतून मुलासाठी भर घालायला राज्याला कोणी अडवलेलं नाही.

मार्च २०२५. विधिमंडळाचं अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होतं. १० मार्चला अर्थसंकल्प मांडला गेला. त्याच सुमारास मंत्री नितेश राणे यांनी हिंदू खाटकांच्या झटका मटणासाठी ‘मल्हार प्रमाणपत्र’ जाहीर केलं. दोन-तीन दिवस वाहिन्यांवर दुसरा विषय नव्हता. मटण कोणी कापलं, यावर राज्याचे मंत्री बोलत होते, विरोधक उत्तर देत होते, आपल्यातले लोक त्या उत्तराला उत्तर देत होते. शहापूरच्या ठाकरवाडीत मटण महिन्यातून किती वेळा शिजतं, हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही.

ऑगस्ट २०२५. कल्याण-डोंबिवली महापालिकेने १५ ऑगस्टला मटण-चिकनची दुकानं बंद ठेवण्याचा आदेश काढला. त्यासाठी १९८८ च्या एका जुन्या शासन निर्णयाचा आधार दिला गेला. राज्यातल्या आणखी काही पालिकांनीही तसेच आदेश काढले. उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीच अशी बंदी योग्य नाही असं म्हटलं. स्वातंत्र्याच्या दिवशी कोणी काय खावं, हे पालिकेने सांगावं काय, यावर पुन्हा एक आठवडा गेला.

आता याच काळातला एक निर्णय पाहा, ज्यावर असा आठवडा गेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. अंडं न खाणाऱ्या मुलाला केळं. काही धार्मिक संघटनांनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा वेगळा निधी बंद केला. द्यायचं असेल तर शाळांनी लोकसहभागातून द्यावं, असं सुचवलं. वाचलेली रक्कम वर्षाला सुमारे ५० कोटी सांगितली गेली. पुरवणी मागण्यांचे ५७,५०० कोटी आणि अंड्याचे ५० कोटी हे शेजारी ठेवून बघा. आणि लोकसहभाग म्हणजे कोण? ठाण्याच्या सोसायटीतल्या शाळेला देणगीदार मिळेल. डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या पलीकडच्या शाळेत ‘लोक’ म्हणजे त्या मुलांचेच आईबाप. त्यांनी काय सहभाग द्यायचा?

विशेष म्हणजे आमच्या भागात कोंबड्यांची काही कमी नाही. शहापूर-मुरबाडमध्ये पोल्ट्री फार्म आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आला तेव्हा आसपासचे हजारो पक्षी मारावे लागले होते, एवढी इथे पैदास आहे. मालाचा तुटवडा कुठेच नाही. फार्मपासून शाळेपर्यंतचं अंतर सरकारच्या मनात आहे.

पाकीट कोणाचं?

अन्नाचं राजकारण म्हणजे फक्त धर्माचं राजकारण, असं समजलो तर आपण अर्धीच गोष्ट पाहिली. दुसरी अर्धी कंत्राटाची आहे. तिच्यावर घोषणा होत नाहीत, कारण त्यात घोषणा देणाऱ्या सगळ्याच पक्षांचा वाटा आहे.

तीन वर्षांखालच्या मुलाला अंगणवाडीतून घरी न्यायचा शिधा मिळतो. महाराष्ट्रात त्याची बरीच वर्षं पाकिटं होती: शिरा, उपमा, सुकडीचं पीठ. मुलं खात नाहीत, चव नाही, अशा तक्रारी आणि पाकिटं जनावरांपुढे ओतल्याच्या बातम्या कितीदा छापून आल्या. तरी पाकिटं येत राहिली. का, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

७ ऑक्टोबर २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट आदेश दिला की अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार नेमायचे नाहीत. काम गावातल्या महिला मंडळांकडून, बचत गटांकडून व्हावं हा त्यामागचा विचार. विचार सरळ होता, म्हणून पळवाटही सरळ निघाली. २०१२ मध्ये याच न्यायालयाच्या आयुक्तांनी महाराष्ट्राबद्दल अहवाल दिला. राज्याचा मोठा पुरवठा तीन ‘महिला मंडळां’कडे होता. कागदावर बायांची संस्था, आणि यंत्रं, कारखाना खासगी कंपन्यांकडून भाड्याने घेतलेले. नाव मंडळाचं, धंदा कंपनीचा.

पुढे सरकार बदललं. १३ फेब्रुवारी २०१५ या एका दिवसात महिला व बालविकास विभागाने २४ शासन निर्णय काढून २०६ कोटींची खरेदी मंजूर केली. चिक्की, चटया, पुस्तकं वगैरे. विरोधकांनी घोटाळ्याचा आरोप केला. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला पुढे त्यात गैरव्यवहार आढळला नाही. ठीक आहे. तरी एक गोष्ट उरतेच. खरेदी करायची ठरली की एका दिवसात चोवीस निर्णय निघू शकतात.

मग २०१६ ची निविदा. घरपोच शिध्याच्या कंत्राटांचा हा मामला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २६ फेब्रुवारी २०१९ ला न्यायालयाने सुमारे ६,३०० कोटी रुपयांची ही कंत्राटं रद्द केली. निविदेच्या अटी अशा होत्या की छोटे बचत गट बाहेर पडावेत आणि मोठ्या उत्पादकांना वाट मोकळी व्हावी. अशा निविदांत कोणी ‘अमुक कंपनीलाच द्या’ असं लिहीत नाही. यंत्रसामग्री अमुक हवी, अनुभव तमुक हवा, एका वेळी इतक्या तालुक्यांचा पुरवठा झेपला पाहिजे, एवढं लिहिलं की मुरबाडच्या पाच बायांचा गट आपोआप गळतो. भेदभाव अटीत असतो आणि अट कोणी वाचत नाही.

२००४ ते २०१९ या पंधरा वर्षांत राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं, भाजप-शिवसेनेचंही होतं. मैदानात एकमेकांचे कपडे फाडणारे पक्ष या एका बाबतीत एकमेकांचा वारसा चालवत होते. प्रत्येक वेळी प्रश्न न्यायालयात सुटला, आणि तोही अर्धाच. २८८ आमदारांच्या आणि ७८ सदस्यांच्या दोन सभागृहांत तो सुटायला हवा होता. निविदेच्या अटी सभागृहात वाचून दाखवा, अशी मागणी करायला कायदा बदलावा लागत नाही. एक आमदार पुरतो.

कॅमेरा कोणावर?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून याविषयी दोन शब्द बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

अंगणवाडीच्या कामासाठी २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ नावाचं ॲप आहे. जुलै २०२५ पासून त्यात घरपोच शिधा देताना चेहरा ओळखण्याची सक्ती आली. बाईने आधी आधार जुळवायचं, मग दर महिन्याला सेविकेच्या मोबाइलपुढे उभं राहून डोळे मिटायचे-उघडायचे. चेहरा जुळला तर शिधा. कारण असं दिलं जातं की खोट्या नावावर शिधा जाऊ नये.

आता शहापूरच्या डोंगराकडच्या एखाद्या वाडीत जाऊन बघा. नेटवर्क एका उंचवट्यावर येतं, दहा पावलं खाली उतरलं की जातं. सेविका मोबाइल हात उंच करून धरते. समोर कडेवर पोर घेतलेली बाई. आधारच्या फोटोतली मुलगी आणि आता बाळंतपणानंतर सुकलेली बाई, यंत्राला दोघी वेगळ्या वाटतात. ओटीपी ज्या नंबरवर जातो तो नवऱ्याचा, आणि नवरा भट्टीवर. हे ज्याने कधी साधं लॉगिन पान बनवलं आहे त्याला आधीच सांगता आलं असतं.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. तपासणी तिथे कडक ठेवायची जिथे एका चुकीने मोठं नुकसान होतं. एका बाईने खोटं नाव लावलं तर सरकारचे महिन्याला दोन-अडीचशे रुपये जातात. एका निविदेत अट वाकडी घातली तर हजारो कोटींचा व्यवहार वाकडा होतो. कॅमेरा मात्र बाईच्या तोंडापुढे. पाकिटात प्रथिनं किती, ते कुठल्या कारखान्यात भरलं, कारखान्याचा मालक कोण, नमुना कधी तपासला, त्याचा निकाल काय, हे त्याच ॲपवर आईला दिसलं असतं तर मी त्या ॲपची तारीफ केली असती. तंत्रज्ञान त्यात काही अवघड नाही. एक क्यूआर कोड पुरतो.

यंत्र आधी आणि माणूस नंतर, हे मुरबाडने पूर्वीही पाहिलं आहे. १ डिसेंबर २०१६ ला, नोटबंदीच्या ऐन काळात, मुरबाड तालुक्यातलं धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून अर्थमंत्र्यांच्या हस्ते जाहीर झालं. वडापाव आणि तांदूळ कार्डावर. घोषणा करायला गावात जाणं सोपं असतं. त्याच तालुक्यातल्या अंगणवाडीत शिजतंय काय, हे बघायला कोणी मंत्री मुंबईहून आल्याचं मी ऐकलेलं नाही.

यात आपण कुठे?

इथपर्यंत वाचून एखादा मित्र म्हणेल, ‘भाई, गोमांसाचा कायदा, दुकानबंदी, हे तुला फालतू वाटतं? आमच्या पोटावर पाय आहे तो.’

अगदी बरोबर. फालतू हा कायदा आणणाऱ्यांच्या कामाचा दर्जा आहे, सोसणाऱ्यांचं दुःख नाही. १९९५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या प्राणी संरक्षण दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि गाईबरोबर बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हणजे माणसाच्या फ्रिजमध्ये डोकावण्याचा अधिकार सरकारला नाही, हे न्यायालयाला सांगावं लागलं. कुरेशी बिरादरीचा धंदा बसला, तो बसलाच. पण त्यांच्याबरोबर आणखी कोण बसलं? मुरबाड तालुक्यात पौषात म्हसेची जत्रा भरते. तिथला बैलबाजार पंचक्रोशीत प्रसिद्ध. तिथे बैल घेणारा-विकणारा कुणबी, आगरी, ठाकर शेतकरी म्हातारा बैल विकून त्यात भर घालून नवा घ्यायचा. आता म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक कोण? २०२५ च्या पावसाळ्यात राज्यभरच्या कुरेशींनी गोरक्षकांच्या जाचाला कंटाळून जनावरांची खरेदी बंद ठेवली, तेव्हा शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की दोघांचं पोट एकाच दाव्याला बांधलेलं आहे.

मला म्हणायचं आहे ते हेच. मल्हार प्रमाणपत्र, दुकानबंदी, राज्यमाता हे विषय आपल्याला एका बाजूला आणि शेजाऱ्याला दुसऱ्या बाजूला उभं करण्यासाठी असतात. आठ रुपयांचा, अंड्याचा आणि निविदेचा विषय आपल्याला एका बाजूला उभं करतो. म्हणून पहिले विषय सभागृहात पुन्हा पुन्हा येतात आणि दुसरे येत नाहीत. आपण दर वेळी पहिल्या विषयावरच उत्तर देत बसलो तर विषयपत्रिका त्यांचीच राहते. आपण त्यावर फक्त सही करतो. अन्यायाला उत्तर द्यावंच लागतं. न्यायालयात द्यावं, संघटनेने द्यावं. पण आपला प्रत्येक तरुण, आपली प्रत्येक पोस्ट, आपला प्रत्येक शुक्रवार त्यातच जावा, हे त्यांच्या सोयीचं आहे.

सूरह माऊन आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून पाठ आहे. नमाजमध्ये कितीदा पढतो. तिच्यात दीनला खोटं ठरवणाऱ्याची खूण काय सांगितली आहे ते आठवा. यतिमाला धक्का देणं, आणि गरिबाला जेवू घालण्याचा आग्रह न धरणं. इथे नीट थांबावं. फक्त स्वतः जेवू न घालणं एवढीच ती तक्रार नाही. दुसऱ्यांना त्यासाठी प्रवृत्त न करणं, ही तक्रार आहे. आपला समाज जेवू घालण्यात मागे नाही. रमजानमध्ये शिध्याची किट निघतात, कोविडमध्ये आपल्या पोरांनी नाव-धर्म न विचारता जेवण वाटलं. आग्रह धरण्यात मात्र आपण कमी पडतो. खैरात आपण आपल्या खिशातून देतो. आग्रह आपल्याला सरकारी तिजोरीकडे धरायचा आहे, आणि तो फक्त आपल्या मोहल्ल्यासाठी नाही.

आग्रह कसा धरायचा?

मोठमोठ्या गोष्टी सांगत नाही. शहापूर किंवा मुरबाडमधले चार तरुण एका महिन्यात करू शकतील एवढंच सांगतो.

एक. आपल्या गावातल्या आणि शेजारच्या पाड्यातल्या अंगणवाडीत जा. भांडायला नाही. सेविकेला आधीच सगळे भांडतात आणि तिचं मानधन तुम्हाला माहीत आहे. शिधा कधी आला, किती आला, चेहरा न जुळल्याने किती जणींचा राहिला, एवढं वहीत लिहा.

दोन. माहिती अधिकारात अर्ज द्या. तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला विचारा की पुरवठादार कोण, कराराची प्रत, गेल्या वर्षातले नमुना तपासणीचे निकाल. अर्जाला दहा रुपये लागतात. अंगणवाडीतल्या मुलाच्या सव्वा दिवसाचा आहार, असं समजा.

तीन. अमृत आहार योजनेची चौकशी करा. आदिवासी भागासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं नाव आहे. त्यात गरोदर आणि स्तनदा आईला रोज एक गरम चौरस जेवण आणि सात महिने ते सहा वर्षांच्या मुलाला महिन्यातून सोळा दिवस अंडं किंवा केळं आहे. खरेदी गावातलीच आहार समिती करते, मुंबईतला कंत्राटदार नाही. म्हणजे कंत्राटाशिवायही मुलांना जेवण देता येतं, हे सरकारला माहीत आहे. गावात समिती आहे का, पैसे वेळेवर येतात का, हे ग्रामसभेत विचारा. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत पेसामुळे ग्रामसभेचा शब्द वजनदार आहे. तुम्ही त्या गावचे मतदार नसाल तर तिथल्या मित्राबरोबर काम करा. ठाणे-पालघरमध्ये आदिवासींच्या संघटनांनी या प्रश्नावर अनेक वर्षं झगडा केला आहे. त्यांच्यामागे उभं राहण्यात कमीपणा नाही.

चार. हक्काचं मिळत नसेल तर अन्न सुरक्षा कायद्यानुसार जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग आहे. लेखी तक्रार करा, पोच घ्या.

पाच, आणि सगळ्यात महत्त्वाचं. हे कागद घेऊन आपल्या आमदाराकडे जा. शहापूरची जागा आदिवासींसाठी राखीव, मुरबाडची खुली. दोन्हीकडे आमदार सत्तेतले असोत की विरोधातले, त्यांना तारांकित प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी लावता येते. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं, जेमतेम आठवडाभर. त्या आठवड्यात पुन्हा कोणीतरी मटणावर, टोपीवर, भोंग्यावर काहीतरी बोलेल, आणि आपल्या फोनवर ते येईल. त्याआधी आपला प्रश्न त्यांच्या टेबलावर गेलेला असावा. तो असा लिहून द्या: शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत चेहरा न जुळल्यामुळे किती मातांचा शिधा अडला? पुरवठादाराच्या मालाचे किती नमुने तपासले आणि किती नापास झाले? शाळेतल्या अंड्याचा निधी पुन्हा कधी सुरू होणार?

तीन ओळींचा प्रश्न आहे. त्याला हिंदू-मुसलमान कोणी म्हणू शकत नाही, आणि म्हणूनच तो टाळायला अवघड आहे. खाली सही करताना पाड्यातल्या ठाकर बाईचं नाव आधी येऊ द्या, आपलं त्यानंतर.